बाजाराला यायचं बेळगाव आणि राहायला आलेलं बेळगाव

हलकर्णी फाटा

नमस्कार मंडळी. मी चंदगड तालुक्यातली. बी.एस्सी. झाली आणि यंदा बेळगावला एम.एस्सी. गणिताला प्रवेश घेतला. राणी चन्नम्मा विद्यापीठ भूतरामनहट्टीला हायवेवर, खोली टिळकवाडीत, काँग्रेस विहिरीच्या जवळपास.

आमच्याकडे बेळगाव म्हणजे परमुलूख नव्हेच. लग्नाचा बस्ता बेळगावला, चष्मा बेळगावला, आजोबांचं ऑपरेशन बेळगावला. कोल्हापूर आमचं जिल्ह्याचं ठिकाण, पण तिकडे कागदपत्रांपुरतं जायचं. शिनोळीच्या पुढे राज्य बदलतं हे भूगोलाच्या पुस्तकात होतं, अंगाला कधी लागलं नव्हतं. त्यामुळे घरच्यांना आणि मलाही वाटलं, नवीन शहर असं काही नाहीच, ओळखीच्या ठिकाणी शिकायला चाललेय.

राहायला आल्यावर कळतंय की मला गणपत गल्ली, खडेबाजार आणि स्टँड एवढंच बेळगाव माहीत होतं. तेही दुपारचं, बाबांच्या मागून पिशवी घेऊन चालतानाचं.

सकाळच्या बसमध्ये वर्गातल्या सगळ्या मुली आधार कार्ड दाखवून शून्य रुपयाचं तिकीट घेतात. माझ्या आधारावर जिल्हा कोल्हापूर. कंडक्टर पत्ता वाचतो, एकदा माझ्याकडे बघतो आणि पैशाचं तिकीट काढतो. त्यात त्याचं काही चुकत नाही, योजना कर्नाटकच्या रहिवासी बायकांसाठीच आहे. पण रोज सकाळी तेवढ्या एका क्षणाला मी बाहेरची ठरते.

वर्गात बहुतेक मुली बैलहोंगल, सवदत्ती, गोकाक भागातल्या. फार चांगल्या आहेत. डबा खाताना गप्पा कन्नडात सुरू होतात, कुणाला तरी माझी आठवण होते, मग सगळ्या हिंदीवर येतात. एखादा विनोद निघाला की पुन्हा कन्नड. तेव्हा मी डब्यात बघत बसते.

आणि अभ्यास. शिकवणं इंग्रजीत, त्याची अडचण नाही. पण बी.एस्सी.पर्यंत मी गणितं सोडवत होते, इथे सोडवायला कुणी काही देतच नाही. सगळं ‘सिद्ध करा’.

आई म्हणते, जमत नसेल तर घरून ये-जा कर. तुम्ही पदव्युत्तर शिक्षणाला नव्या गावात गेलात तेव्हा सुरुवातीचे दिवस कसे गेले? आणि ये-जा करावी की राहावं? मनापासून विचारतेय.

शहापूरकर

ये गं बाई, बेळगाव तुझंच आहे. पण तुला टिळकवाडीत खोली घे म्हणून कुणी सांगितलं? टिळकवाडी दक्षिणेला, तुझं विद्यापीठ उत्तरेला, काकती-होनगा ओलांडून. म्हणजे रोज सकाळी उलट स्टँडवर यायचं, त्यात दुसरं रेल्वे गेट बंद मिळालं की झालं. सदाशिवनगर, नेहरूनगर, महांतेशनगर ह्या बाजूला बघ. अर्धा वैताग तिथंच संपतो.

हलकर्णी फाटा

काका, आत्याच्या ओळखीचं घर म्हणून टिळकवाडी. शहराच्या दिशांचा विचारच आला नाही डोक्यात.

निपाणी नाका

ये-जा अजिबात करू नकोस. मी निपाणीहून बेळगावला एम.ए.साठी ये-जा केली आहे, पंचाहत्तर किलोमीटर. हायवे चांगला, गाड्या भरपूर, कागदावर सगळं सोपं दिसतं. प्रत्यक्षात काय होतं, की तास संपला की नजर घड्याळावर. सर वर्गाबाहेर थांबून अजून दहा मिनिटं बोलत असतात, खरं शिकायचं ते त्या दहा मिनिटांत असतं, आणि तेव्हा मी बसमागे पळायचे. माझी पदवी झाली, मार्कही बरे पडले. पण वर्गातल्या एकीचंही घर मी पाहिलं नाही, आणि त्या सगळ्या एकमेकींच्या लग्नाला गेल्या.

तुला तर दुहेरी. चंदगडहून बेळगाव हा एक प्रवास आणि बेळगावहून भूतरामनहट्टी हा दुसरा, तोही पुढच्या दिशेला.

जांबोटी

आमच्या खानापूर तालुक्यातल्या किती मुली रोज ये-जा करूनच शिकल्या ताई. खोलीचं भाडं आणि खानावळ सगळ्यांना परवडत नाही. बायकांना फुकट बसची शक्ती योजना २०२३ च्या जूनमध्ये सुरू झाली आणि आमच्या शेजारच्या दोघींचं बारावीनंतर थांबलेलं शिक्षण पुन्हा चालू झालं. बसला गर्दी वाढली हे खरं, पण त्या गर्दीत कोण कोण आहे तेही बघायला हवं. हलकर्णी ताईला तिकीट पडतं ह्याचं वाईट वाटतं, पण ये-जा म्हणजे शिक्षणच नव्हे असं म्हणू नका.

निपाणी नाका

जांबोटी, मान्य. परवडत असेल तर राहावं, एवढंच माझं म्हणणं.

लोंढा पॅसेंजर

मी जुना माणूस, जरा लांबण लावतो.

आमच्या वेळी बेळगावच्या पोराला एम.एस्सी. करायची तर धारवाड नाहीतर कोल्हापूर. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली झालं, त्याआधी बेळगावात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं, पण सगळे विषय तिथं नव्हते. मी धारवाडला गेलो. खानापूर, लोंढा, अळणावर करत गाडी जायची. टेकडीवरचं विद्यापीठ, दगडी इमारत, आणि पाऊस बेळगावचाच भाऊ. माझं कन्नड म्हणजे बाजारातलं. ‘एष्टु’ (केवढ्याला) विचारता येत होतं, आणि ऐकून कळायचं फक्त बसमधलं ‘मुंद होगरी’ (पुढे चला).

खोलीत गदगचा मुलगा. त्याला मराठी शून्य, पण गाणं मराठी ऐकायचा, नाट्यसंगीत पाठ. अर्थ मी सांगायचा आणि कन्नड वचनं त्यानं मला समजावायची, असं आमचं ठरलं. मेसमध्ये कडक भाकरी, एणगाई म्हणजे भरली वांगी आणि शेंगाचटणी. ती भाकरी मोडताना आवाज येतो, तो आवाज पहिल्यांदा ऐकून मला घरची मऊ भाकरी आठवली आणि घास उतरेना. वर्ष संपताना घरी गेलो तर आईला म्हणालो, जरा कडक कर की.

पहिल्या सहामाहीत प्रत्येक रविवारी बेळगावला यायचो. पुढे गाडीखर्च परवडेना म्हणून थांबायला लागलो, आणि मल्लिकार्जुन मन्सूरांच्या गावात रविवार कसा असतो ते तेव्हा कळलं. गाण्याची बैठक कुणाच्याही घरी असायची, दार उघडं, जाऊन बसायचं. शनिवार-रविवारी थांबल्याशिवाय कुठलंही गाव आपलं होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही सोमवार ते शुक्रवार जिथं असता ते फक्त कामाचं ठिकाण.

मांजरा काठ

+१ रविवारला. मी लातूरचा, बेळगावला व्हीटीयूत, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठात, एम.टेक. केलं. हे विद्यापीठ १९९८ चं, कर्नाटकातली बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजं त्याखाली येतात, पण मुख्यालय बेळगावला, मच्छेच्या बाजूला. त्या आवाराचं नाव ज्ञानसंगम आणि हलकर्णीताईंच्या विद्यापीठाच्या आवाराचं विद्यासंगम. एक शहराच्या ह्या टोकाला, दुसरं त्या टोकाला. कुणी पाहुणा येणार असेल तर रिक्षात बसण्याआधी त्याच्याकडून नाव दोनदा म्हणून घ्या.

आमच्याकडे पाऊस म्हणजे वाट बघायची गोष्ट. इथे जूनमध्ये सुरू झाला तो थांबेचना. कपडे वाळेनात, पुस्तकांना बुरशीचा वास. खोलीत मी एकटा आणि खिडकीबाहेर सतत पाणी. मला ते पहिले महिने फार जड गेले, खरंच सांगतो. पण हिवाळ्यात सकाळी कँपातल्या रस्त्यांवरून चालत गेलो, मोठमोठी झाडं, धुकं, पलीकडून मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांची कवायत ऐकू येत होती, तेव्हा ह्या गावाबद्दल पहिल्यांदा काहीतरी वाटलं.

वडगाव विणकर

धुकं वगैरे ठीक, पण कुंद्याचं कुणी अजून बोललं नाही? घरी जाताना कुंदा नेला नाही तर चंदगडात बसमधून उतरू देत नाहीत म्हणे.

शहापूरकर

कुंदा बाहेरचे नेतात. बेळगावचा माणूस पाहुण्याला मांडे खायला घालतो. आणि मांडे खायचे तर करणाऱ्याच्या शेजारी उभं राहून बघ. पोळी हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत येते, मग उपड्या कढईवर पसरतात. आत पिठीसाखर. दुमडला की एवढासा होतो.

वडगाव विणकर

सकाळी सकाळी भूक लावली काका.

यळ्ळूर

मी जरा वेगळं बोलणार आहे, कुणी राग मानू नये.

वरती कुणी सरळ म्हटलं नाही, पण सगळ्यांचा सूर तोच आहे, की मुलीनं कन्नड शिकावं आणि मिसळून जावं. मला हे इतक्या सहज पटत नाही. हे शहर पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलं आहे. १९५६ ला राज्यं पुन्हा आखली गेली तेव्हापासून आमच्या गावांचा प्रश्न लोंबकळत पडला आहे. माझ्या आजोबांनी सत्याग्रह केला, वडिलांनी केला. घरासमोरची पाटी, उताऱ्याची भाषा, मुलाच्या शाळेचं माध्यम, ह्या प्रत्येकासाठी आम्ही झगडलो. त्यामुळे मराठी मुलगी बेळगावात येऊन एकटी पडते हे वाचून मला त्रास झाला. तिनं डब्यात का बघत बसावं? बेळगावात राहणाऱ्यांना मराठी समजतं. तिनं मराठीत बोलावं, ताठ मानेनं.

सवदत्ती

यळ्ळूरदादा, मी सवदत्तीची. माझी मातृभाषा कन्नड, मराठी बेळगावात शिकली, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बेळगावला पीजीसाठी आले तेव्हा हा आमचाच जिल्हा, हेच आमचं जिल्ह्याचं ठिकाण. आणि पहिल्याच दिवशी भाजी घ्यायला गेले तर आजूबाजूला सगळं मराठी. घरमालकीणबाई मराठी, पेपर मराठी, गल्लीतला गणपती मराठी. मला वाटलं मी चुकून दुसऱ्या राज्यात आले की काय. आईला फोन करून रडले. हलकर्णी जे डब्याबद्दल लिहितेय ना, तेच मी आमच्या घरमालकिणीच्या हळदीकुंकवात केलंय. सगळ्या हसत होत्या आणि मी हातातल्या वाणाकडे बघत होते.

त्या मुलींना मराठी समजत असेल असं तुम्ही धरून चालताय. त्या बेळगाव शहरातल्या नाहीत. सवदत्ती-बैलहोंगलकडे मराठी कानावरही पडत नाही. त्या हिंदीवर येतात तेव्हा त्याही परक्या भाषेत बोलत असतात, तिच्यासाठी म्हणून.

मला मराठी घरमालकीणबाईंनी शिकवली. रोज संध्याकाळी त्या गॅलरीत लसूण सोलायच्या, मी शेजारी बसायची. त्यांनी कधी शिकवते म्हटलं नाही, मीही शिकते म्हटलं नाही.

यळ्ळूर

ताई, तुमची मराठी उत्तम आहे आणि तुमचं म्हणणं मला कळलं. हळदीकुंकवाचं वाचून माझी बायकोही हळहळली. माझा झगडा कुणा मुलींशी नाही, सरकारी कागदाशी आहे, आणि तो मी सोडणार नाही. पण डबा खाताना कागद मध्ये आणायचं कारण नाही, हे मान्य.

हलकर्णीला एक सांगतो. महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या आमच्या ८६५ गावांतल्या मुलांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंग, मेडिकलला सीमाभागातले म्हणून वेगळी सोय मिळते. तू नेमकी उलट आलीस, महाराष्ट्रातून इकडे. दोन्हीकडच्या नियमांत तू बसत नाहीस, म्हणून तुला जास्त टोचतंय. तुझ्या जागी कुणालाही टोचेल.

गणितमास्तर

भाषेचं झालं असेल तर मी गणिताचं बोलू का? मूळ पोस्टमध्ये त्या पोरीनं लिहिलेली सगळ्यात गंभीर गोष्ट तीच आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

बाळ, नवं गाव आणि नवं गणित ही दोन्ही एकदम अंगावर आली की गणिताचं दुःख गावाच्या खात्यावर लिहिलं जातं. मी अनेक वर्षं एम.एस्सी.ला शिकवलंय. पहिल्या सहामाहीत रिअल ॲनालिसिस आणि टोपोलॉजीनं रडलेली मुलं ‘मला इथलं हवामान सोसत नाही’ म्हणत घरी जाताना पाहिली आहेत.

सिद्धता वाचून येत नाही. एक उदाहरण देतो. झाकणाऱ्या ओपन इंटरव्हलांच्या प्रत्येक यादीतून मोजके निवडून भागतं तो कॉम्पॅक्ट. मग (०, १) हा ओपन इंटरव्हल, म्हणजे दोन्ही टोकं सोडून मधला भाग, कॉम्पॅक्ट का नाही? व्याख्या पाठ करू नकोस, कागदावर रेघ काढ. (१/२, १), (१/३, १), (१/४, १) असे इंटरव्हल घेत जा. सगळे मिळून (०, १) पूर्ण झाकतात. आता त्यांतले मोजकेच ठेव, शंभर ठेव, लाख ठेव. एकात एक बसलेले असल्यामुळे त्यांतला सर्वांत मोठा तेवढाच कामाचा, आणि शून्याच्या अगदी जवळचा तुकडा उघडा राहतो. संपलं. आता दोन्ही टोकं आत घे. शून्याला झाकायला तुला एक ओपन इंटरव्हल आणावाच लागेल, आणि तो आला की जो तुकडा सारखा निसटत होता तोच त्याच्या पोटात जातो. दुसऱ्या टोकाला, म्हणजे १ ला, झाकायला आणखी एक इंटरव्हल आण. मग मघाच्या यादीतले मोजके पुरतात. हे फक्त ह्या एका कव्हरचं, म्हणजे झाकणाऱ्या यादीचं झालं, कुठल्याही कव्हरसाठी सिद्ध करणं हे तुझं काम.

रोज एक सिद्धता पुस्तक मिटून लिही. अडलीस की उघड, बघ, पुन्हा मीट आणि पहिल्या ओळीपासून लिही. आणि ती शेजारणीला समजावून सांग, कुठल्या का भाषेत होईना.

हलकर्णी फाटा

सर, हे तीन वेळा वाचलं. वर्गात कव्हरची व्याख्या उतरवून घेतली होती, पण शून्याजवळचा तुकडा मला आज दिसला. बाकीचं रात्री लिहून बघते.

सवदत्ती ताई, तुमचं वाचून माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला दाखवलं, ती गोकाकची. तिनं भाषांतर करून मागितलं. ती म्हणाली, तिलाही आमच्या खानावळीत असंच होतं, तिथे सगळ्या मराठी. मी तिथे तिच्या शेजारी रोज जेवते आणि मला हे ठाऊक नव्हतं.

किल्ला तलाव

उशिरा आलो. नोकरीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सीमेवरच्या मुलांनी हे पहिल्या वर्षातच समजून घ्यावं. प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा दोन, सेट आणि नेट. सेट ही राज्यापुरती असते. कर्नाटकची के-सेट काढली तर प्राध्यापकीसाठी ती कर्नाटकातच चालते. महाराष्ट्राची सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. नेट मात्र देशात कुठेही चालते. परत चंदगड-गडहिंग्लजकडे जाऊन कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर बेळगावात शिकत असलीस तरी महाराष्ट्राच्या सेटचा फॉर्म भर. आणि नेटची तयारी आत्तापासून, गणितमास्तर म्हणतात त्याच पद्धतीनं.

मांजरा काठ

आणि अभ्यासाला जागा पाहिजे असेल तर गावातलं सार्वजनिक वाचनालय. १८४८ सालची संस्था आहे. खोलीत एकटं वाटलं की मी तिथे जाऊन नुसता बसायचो. कुणी बोलावं अशी अपेक्षा नाही, आजूबाजूला माणसं पेपर वाचताहेत, पानांचा आवाज, तेवढं पुरायचं.

हलकर्णी फाटा

नुसतं बसायला, हे मला फार पटलं. मारुती गल्लीच्या तोंडाशी किती वेळा गेलेय, पण वाचनालय कधी आतून बघितलं नाही.

आईशी बोलले. ये-जा करणार नाही, राहणार. निपाणी ताईंचं ते दहा मिनिटांचं तिला वाचून दाखवलं. जांबोटी, तुमचंही दाखवलं. आई म्हणाली, परवडतंय तोवर राहा आणि परवडतंय ह्याची जाणीव ठेव. पुढचे दोन रविवार गावी जाणार नाही. गोकाकच्या मैत्रिणीला राजहंसगड बघायचाय, तिकडे जाऊ. ती आणि मी मिळून उत्तरेकडे खोली बघतोय. सदाशिवनगर बरं की महांतेशनगर?

यळ्ळूर

राजहंसगड आमच्या यळ्ळूरचाच. वर देवळाजवळ पाणी मिळेल असं धरू नका, खालून भरून न्या. उतरताना आमच्याकडे जेवायला या, दोघीही. बायको म्हणाली आहे.

शहापूरकर

महांतेशनगरहून हायवे जवळ, पण तुमची बस स्टँडवरूनच भरून येते, तिथं जागा मिळणार नाही. सदाशिवनगर घ्या. स्टँडवर चालत जाता येतं आणि बसायला मिळतं. डिसेंबरात सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की लॉज आणि खोल्या सगळ्या भरतात, भाडीही चढतात, तेव्हा त्याच्या आत उरका. माझ्या मेव्हणीचं घर त्याच बाजूला आहे, वरची खोली रिकामी होणार होती. आज विचारून इथंच कळवतो.